वाचकांचे प्रश्न : किनारपट्टी, अंतर्भाग आणि सरकारी तिजोरी

प्रदेशाप्रदेशांतल्या उत्पन्नातली दरी आणि सरकारचा खर्च या विषयावर गोव्यातून आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : आमच्या वाट्याला कमी येते. ते खरे की खोटे हे आकडे मांडूनच ठरवावे लागेल, म्हणून उत्तरांत हिशेब जास्त आहे.

म्हापसा येथील वाचक : श्रीमंत-गरीब दरी वाढली की सरकारचा खर्च वाढतो, असे अर्थशास्त्र सांगते म्हणतात. पण दरी माणसामाणसांतली नसून प्रदेशाप्रदेशांतली असेल, तर हाच नियम लागू होतो का?

आधी नियम काय ते पाहू. तो १९८१ मध्ये अर्थतज्ज्ञ ॲलन मेल्ट्झर आणि स्कॉट रिचर्ड यांनी मांडला. पाच मतदार घ्या. त्यांची महिन्याची कमाई १०, १५, २०, ३५ आणि १२० हजार. बेरीज २०० हजार, सरासरी ४० हजार. पण रांगेत मधोमध उभा असलेला तिसरा माणूस २० हजारच कमावतो. सर्वांवर १० टक्के कर लावून जमलेली रक्कम सारखी वाटली, तर त्याचे दोन हजार जातात आणि चार हजार येतात. तो कराच्या बाजूने मत देणार, आणि त्याच्या मताशिवाय बहुमत होत नाही. मधला माणूस सरासरीच्या जितका खाली, तितकी वाटपाची मागणी जास्त आणि सरकार तितके मोठे.

आता हेच पाच जण दोन ठिकाणी राहतात असे समजा. गरीब तिघे डोंगराकडे, बाकीचे दोघे समुद्राकडे. गणित तेच, पण राजकारण बदलते. मत माणसाचे असले तरी निवडून येतो तो मतदारसंघाचा प्रतिनिधी, आणि त्याला मतदारांना दाखवायला रस्ता, पूल, सभागृह, कार्यालय लागते. चाळीस जणांच्या सभागृहात एका पुलाचा खर्च साऱ्या राज्यावर पसरतो. बांधणाऱ्या मतदारसंघाच्या वाट्याला त्याचा साधारण चाळिसावा भाग येतो, पूल मात्र आख्खा त्याचा. प्रत्येक जण असाच विचार करतो आणि एकूण खर्च गरजेपेक्षा पुढे जातो. प्रादेशिक विषमता सरकारचा आकार वाढवते ती मुख्यतः या वाटेने.

उलट दिशेची ओढही असते. दरी फार रुंदावली की श्रीमंत प्रदेश म्हणतो, आमचा कर आमच्याकडे ठेवा. उत्तर इटलीत याच मागणीवर पक्ष उभे राहिले. मग मध्यवर्ती सरकार आखडते आणि अधिकार खाली जातात. म्हणून विषमता वाढली की सरकार वाढते, असा सरळ नियम प्रदेशांच्या बाबतीत सांगता येत नाही. गरीब प्रदेशाकडे बहुमत आहे का, हे आधी पाहावे लागते.

गोव्यात ते नाही, आणि ही गोष्ट आपल्या चर्चेत कधीच येत नाही. सासष्टीत विधानसभेचे ८ मतदारसंघ, बार्देशात ७, तिसवाडीत ५, मुरगावात ४. चाळिसांपैकी २४ या चार तालुक्यांत आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येचाही सुमारे ५९ टक्के भाग तिथेच, तेव्हा यात कोणावर अन्याय झालेला नाही. पण परिणाम असा की मधला मतदार या चार तालुक्यांत राहतो. केवळ सत्तरी, सांगे, काणकोणसाठी असलेल्या योजनेला सभागृहात बहुमत जमवणे अवघड. सगळ्या तालुक्यांतल्या कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या योजनेला ते सहज जमते. गृहिणींना गृह आधारमधले महिना १,५०० रुपये, ज्येष्ठांना दयानंद सामाजिक सुरक्षेतले महिना २,००० रुपये या राज्याच्या योजना त्या जातीच्या. त्या चांगल्याच आहेत. गरीब घर मडगावातही असते आणि नेत्रावळीतही. मात्र त्यांनी घरातली चणचण कमी होते, वाळपईहून दवाखान्याला लागणारा वेळ कमी होत नाही. तो कमी करायला वेगळा खर्च लागतो.

मडगाव येथील वाचक : गोवा श्रीमंत राज्य म्हणून केंद्र आपला कर घेऊन उत्तर प्रदेश, बिहारला वाटते. आपल्याला काय मिळते?

संविधानाच्या अनुच्छेद २८० खाली दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमला जातो आणि तो वाटणी ठरवतो. पंधराव्या आयोगाने २०२१-२६ साठी केंद्राच्या वाटपयोग्य करातला ४१ टक्के भाग राज्यांना दिला. उपकर आणि अधिभार (मूळ करावर केंद्र लावते ते जादा कर) या वाटणीत धरले जात नाहीत, आणि राज्यांची ती तक्रार रास्त आहे. राज्यांच्या भागात गोव्याचा हिस्सा ०.३८६ टक्के होता, उत्तर प्रदेशचा १७.९३९, बिहारचा १०.०५८, महाराष्ट्राचा ६.३१७.

शंभर रुपयांवर मांडून पाहा. राज्यांना ४१ रुपये. त्यातून उत्तर प्रदेशला ७ रुपये ३६ पैसे, बिहारला ४ रुपये १२ पैसे, गोव्याला १६ पैसे. इथे थांबलो तर तक्रार खरी वाटते. पण २०११ मध्ये गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती, म्हणजे देशाच्या ०.१२ टक्के. हिस्सा ०.३८६ टक्के. माणशी बघितले तर गोव्याला देशाच्या सरासरीच्या तिपटीहून जास्त मिळते. बिहारला सरासरीच्या सुमारे १.१७ पट आणि महाराष्ट्राला ०.६८ पट. माणशी हिशेबात गोवा बिहारच्या बराच वर आहे.

असे का, ते आयोगाच्या निकषांत कळते. पंधराव्या आयोगाचे भारांक, म्हणजे कोणत्या निकषाला किती वजन, असे होते : उत्पन्नाचे अंतर ४५ टक्के, लोकसंख्या १५, क्षेत्रफळ १५, वन आणि पर्यावरण १०, लोकसंख्या नियंत्रणातली कामगिरी १२.५, कर वसुलीचा प्रयत्न २.५. उत्पन्नाचे अंतर म्हणजे वरच्या राज्याच्या माणशी उत्पन्नापासून आपले राज्य किती खाली आहे ते. त्याला लोकसंख्येने गुणतात. गोवा आधीच वर आणि माणसे थोडी, म्हणून या सर्वांत जड निकषातून आपल्याला जवळपास काहीच मिळत नाही. मिळते ते क्षेत्रफळातून. गोव्याचे ३,७०२ चौरस किलोमीटर म्हणजे देशाच्या ०.१२ टक्क्याच्या आत. पण लहान राज्यांना या निकषात किमान २ टक्के धरायचे, असा त्या आयोगाचा नियम होता. गोव्याच्या ०.३८६ मधला दोन तृतीयांशाहून मोठा भाग या एका नियमातून येत होता.

हा नियम दया म्हणून केलेला नाही. लोक थोडे असले तरी विधानसभा, सचिवालय, विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय लागतेच. गोव्यात साधारण ३६,५०० माणसांमागे एक आमदार आहे, महाराष्ट्रात ३ लाख ९० हजारांमागे एक. देश लहान तितका सरकारी खर्चाचा उत्पन्नातला वाटा मोठा, हे अल्बेर्तो अलेसिना आणि रोमेन वाकझियार्ग यांनी १९९८ मध्ये अनेक देशांची तुलना करून दाखवले. कारण हेच, ठरावीक खर्च थोड्या डोक्यांवर वाटला जातो. म्हणून गोव्याचा माणशी सरकारी खर्च शेजारच्या राज्यांपेक्षा जास्त दिसला, की त्यातला किती भाग राज्याच्या लहान आकाराचा आणि किती उधळपट्टीचा हे आधी वेगळे करा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोव्यातून किती केंद्रीय कर गोळा झाला आणि किती परत आला, अशी तुलना वर्तमानपत्रांत येते. कर भरण्याची जागा आणि उत्पन्न कमावण्याची जागा एक नसते. कारखाना वेर्ण्यात, कंपनीचे मुख्यालय मुंबईत, तर प्राप्तिकर मुंबईच्या खात्यात दिसतो. त्या तुलनेवरून कोणताच निष्कर्ष काढू नये.

वाळपई येथील वाचक : किनारपट्टीच्या तुलनेत सत्तरीवर सरकार माणशी किती खर्च करते, हे शोधायचे कसे? अर्थसंकल्पात तालुक्याचा आकडा सापडला नाही.

सापडणार नाही. अर्थसंकल्प खात्यांप्रमाणे आणि लेखाशीर्षांप्रमाणे (खर्चाच्या विषयांना दिलेले क्रमांक) मांडलेला असतो. तरी हे काम घरबसल्या बरेच करता येते, फक्त क्रम पाळा.

पहिल्यांदा विषय एकच घ्या, सगळे एकदम नको. सामान्य शिक्षण २२०२, आरोग्य २२१०, पाणीपुरवठा आणि स्वच्छता २२१५, रस्ते आणि पूल ३०५४ (चालू खर्च) आणि ५०५४ (भांडवली खर्च). अर्थसंकल्पी अंदाजाचा रकाना सोडून द्या. प्रत्यक्ष खर्चाचा रकाना घ्या, तो दोन वर्षे आधीचा असतो. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत भांडवली कामांवर सर्वांत मोठी तफावत पडते, आणि अंतर्भागातली कामे बहुधा भांडवलीच असतात.

मग खात्याकडे माहितीचा अधिकार कायदा २००५ खाली अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सत्तरीवर किती खर्च केला’ असे विचारू नका. अशी नोंद आमच्याकडे नाही, एवढेच उत्तर येईल, आणि ते कायद्याने बरोबरही असेल. खाते जी नोंद खरोखर ठेवते ती मागा : अमुक आर्थिक वर्षात अमुक विभागाने पूर्ण केलेल्या कामांची यादी, प्रत्येकाचे ठिकाण, निविदेची रक्कम आणि अदा केलेली रक्कम. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.

पंचायतीच्या पातळीवरचे काम सोपे आहे. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर प्रत्येक पंचायतीला मिळालेले वित्त आयोगाचे अनुदान आणि झालेला खर्च दिसतो. पंधराव्या आयोगाच्या ग्रामीण अनुदानातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले होते, ४० टक्के मोकळे, पण त्यातूनही पगार भागवता येत नव्हता. खात्यात पैसे पडून राहिलेले दिसले तर ग्रामसभेत विचारा.

आकडे हाती आले की खरी अडचण सुरू होते. खर्चाची जागा आणि लाभाची जागा. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय तिसवाडीत आहे. त्याचा सगळा खर्च तिसवाडीवर टाकलात तर तिसवाडी राज्यातला सर्वांत लाडका तालुका ठरेल, आणि वाळपईचा रुग्ण तिथेच उपचार घेतो हे हिशेबातून निसटेल. उलट उदाहरण साळावलीचे. धरण सांगे तालुक्यात, कुर्डी गाव पाण्याखाली गेले तेही तिथले, पण पाण्याचा मोठा भाग सासष्टी आणि मुरगावला जातो. ते धरण सांग्यावरचा खर्च म्हणून मोजणे म्हणजे जखमेवर मीठ. राज्यभराच्या संस्था यादीतून बाजूला काढा, शक्य असेल तर रुग्णांच्या पत्त्यांप्रमाणे वाटा. तेवढे न जमल्यास त्यांचा खर्च सर्व तालुक्यांवर लोकसंख्येप्रमाणे पसरवा आणि तसे केल्याचे लिहा.

दुसरी अडचण माणशी या शब्दातच आहे. दहा मुलांच्या प्राथमिक शाळेलाही शिक्षक लागतो, वीस प्रवाशांच्या फेरीलाही कदंबाची आख्खी बस लागते. विरळ वस्तीच्या तालुक्यात माणशी खर्च जास्त निघणारच. सत्तरीवर बार्देशाइतका माणशी खर्च झाला म्हणजे समानता आली, असे समजू नका. सारख्याच सेवेसाठी तिथे पैसे जास्त लागतात. म्हणून खर्चाच्या शेजारी सेवेचा एक रकाना ठेवा : जवळच्या दवाखान्यात डॉक्टर किती तास असतो, नळाला पाणी किती तास येते, शेवटची बस किती वाजता सुटते. वादात हाच रकाना टिकतो.

आणखी एक मुद्दा, सत्तरीच्या हक्काचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निकषांत १० टक्के भार वन आणि पर्यावरणाला होता. गोव्याच्या नावावर जे दाट जंगल मोजले जाते त्याचा मोठा भाग म्हादई, नेत्रावळी, भगवान महावीर, खोतीगाव या अभयारण्यांच्या पट्ट्यात, म्हणजे सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोणात आहे. राज्याला त्या जंगलापोटी पैसे मिळतात. जंगलाच्या निर्बंधांचा भार सोसणाऱ्या पंचायतींना राज्याच्या वाटणीत त्याच कारणाने भार मिळावा, ही मागणी तर्काला धरून आहे आणि ती राज्य वित्त आयोगापुढे, म्हणजे राज्याचा पैसा पंचायती-पालिकांत कसा वाटायचा ते सुचवणाऱ्या आयोगापुढे, ठेवता येते. अनुच्छेद २४३-आय प्रमाणे तोही दर पाच वर्षांनी नेमायचा असतो.

कळंगुट येथील वाचक : आमच्या गावातल्या हॉटेलांतून एवढा जीएसटी जातो. पंचायतीला त्यातले काय?

थेट काही नाही. हॉटेलातल्या वास्तव्याचा पुरवठा मालमत्ता जिथे आहे तिथे झाला असे धरतात, म्हणून दिल्लीच्या पाहुण्याच्या खोलीवरचा राज्य जीएसटी गोव्याला मिळतो. पण तो राज्याच्या तिजोरीत जातो. पंचायतीकडे घरपट्टी, व्यवसाय परवान्याचे शुल्क आणि तत्सम वसुली राहते. कचरा, सांडपाणी, पार्किंग यांचा भार पाहुण्यांच्या संख्येवर वाढतो आणि उत्पन्न घरांच्या संख्येवर, हे तुमचे खरे दुखणे आहे. राज्य वित्त आयोगाकडे मागणी करताना ‘आमचा कर परत द्या’ असे न म्हणता रहिवासी अधिक सरासरी मुक्कामी पाहुणे अशी सेवा-लोकसंख्या धरा म्हणावे. कर परत मागण्याचा मुद्दा सत्तरीच्या विरोधात जातो, सेवा-लोकसंख्येचा जात नाही.

केपे येथील वाचक : मागास तालुक्यांतल्या तरुणांना सरकारी नोकऱ्या दिल्या की दरी मिटेल ना?

हा प्रयोग इटलीत मोठ्या प्रमाणावर झाला. उत्तर श्रीमंत, दक्षिण गरीब. अलेसिना, डॅनिंगर आणि रोस्तान्यो यांनी अभ्यासून दाखवले, की दक्षिणेतल्या सरकारी पगारखर्चाचा सुमारे निम्मा भाग म्हणजे कामाचा मोबदला नसून अनुदान होते. पगार देशभर सारखा, पण दक्षिणेत राहणीमान स्वस्त, म्हणून तिथे सरकारी नोकरी खाजगीपेक्षा फारच भारी ठरली. हुशार मुले परीक्षा आणि ओळखी यांच्या मागे लागली, नवे उद्योग उभे राहिले नाहीत, आणि दरी टिकून राहिली.

गोव्यातली यंत्रणा तीच आहे. घरी एक सरकारी नोकरी आली की ते घर उभे राहते, हे कोणी नाकारू नये. पण पगार आणि निवृत्तिवेतन हा खर्च एकदा चढला की ३०-४० वर्षे उतरत नाही, आणि मंदीत कात्री लागते ती रस्ते, पाणी, शाळा-दुरुस्तीला, म्हणजे पुन्हा अंतर्भागालाच. शिवाय केप्याच्या मुलाला पणजीत कारकून नेमले तर पगार केप्याला येतो, सेवा येत नाही. नोकऱ्या द्यायच्याच असतील तर त्या केप्यातच प्रत्यक्ष बसणाऱ्या द्याव्यात : परिचारिका, शिक्षक, कृषी साहाय्यक, पशुवैद्यक. बदलीची किमान मुदत नियमात लिहून घ्यावी, नाहीतर नेमणूक केप्याची आणि प्रतिनियुक्ती पणजीची, असे होते.

खाणींच्या भागासाठी तर वेगळा पैसा उपलब्ध आहे. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीपासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांत स्वामित्वधनाच्या (खनिजावरच्या रॉयल्टीच्या) प्रमाणात रक्कम जमा होते, लिलावाने दिलेल्या खाणींच्या पट्ट्यांसाठी १० टक्के, त्याआधीच्यांसाठी ३० टक्के. तो पैसा खाणबाधित भागासाठीच आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गोव्यातले ८८ पट्टे रद्द होऊन खाणी थांबल्या तेव्हा या निधीची आवकही आटली. म्हणजे गरज सर्वांत जास्त, तेव्हा पैसा सर्वांत कमी. चांगल्या वर्षांत काही भाग राखून ठेवण्याचा नियम म्हणूनच हवा.

फोंडा येथील विद्यार्थिनी : प्रकल्पासाठी प्रादेशिक विषमता मोजायची आहे. गिनी गुणांक चालेल का?

चालेल. तो एकूण विषमता ० ते १ मधल्या एका आकड्यात सांगतो, पण दरीचे तालुक्यांमधली आणि तालुक्यांच्या आतली असे दोन भाग नीट पाडून देत नाही. तुम्हाला आंतरप्रादेशिक दरीच हवी आहे, म्हणून लोकसंख्या-भारित विचरण गुणांक घ्या, म्हणजे प्रदेशांची उत्पन्ने सरासरीपासून किती दूर आहेत ते लोकसंख्येचे वजन देऊन सांगणारा आकडा. काल्पनिक उदाहरण : किनारा, लोकसंख्येचा वाटा ०.६, माणशी उत्पन्न सरासरीच्या १.२ पट. अंतर्भाग, वाटा ०.४, उत्पन्न ०.७ पट. सरासरीपासूनचे फरक ०.२ आणि ०.३, त्यांचे वर्ग ०.०४ आणि ०.०९. वाट्यांनी गुणून बेरीज : ०.०२४ अधिक ०.०३६, म्हणजे ०.०६. वर्गमूळ ०.२४५. गुणांक साडेचोवीस टक्के. लोकसंख्येचा भार विसरलात तर काणकोण आणि सासष्टी यांना सारखे वजन पडते आणि उत्तर फुगते.

ग्रामीण-शहरी फरकाला प्रादेशिक दरी समजू नका. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात गोव्यात माणशी मासिक खर्च ग्रामीण भागात ७,३६७ रुपये आणि शहरी भागात ८,७३४ रुपये होता. देशात ३,७७३ आणि ६,४५९. गोव्यातला फरक १.२ पटीच्या आत, देशातला १.७ पट. यावरून गोव्यात दरी नाही असे लिहिलेत तर चूक होईल, कारण किनाऱ्यावरचे गाव आणि डोंगरातले गाव दोन्ही ग्रामीण रकान्यात एकत्र पडतात.

आणि जुन्या-नव्या वर्षांची तुलना करताना हद्दी तपासा. २०११ च्या जनगणनेत गोव्याचे ११ तालुके आहेत. धारबांदोडा नंतर सांगे आणि फोंडा तालुक्यांतली गावे घेऊन झाला. आधीचे ११ आणि आताचे १२ तसेच शेजारी ठेवलेत, तर दरी बदललेली दिसेल आणि बदललेली असेल फक्त नकाशावरची रेघ. धारबांदोड्याची गावे जुन्या तालुक्यांत परत जोडा, मग गुणांक काढा.